चार पातेली आणि एक गार आमटी

ठकुबाईच्या आमटीबद्दल पूर्व बंगळुरात जेवढ्या गोष्टी सांगतात, त्यातल्या निम्म्या खऱ्या आहेत आणि उरलेल्या निम्म्या त्याहून खऱ्या. के. आर. पुरमला रेल्वे स्टेशनामागच्या बोळात तिचं स्वयंपाकघर. एकदा म्हणे तिनं कटाच्या आमटीच्या हंड्यावरचं झाकण काढलं आणि वाफ अशी उठली, की सिग्नलला थांबलेल्या गाडीच्या ड्रायव्हरला वाटलं धुकं पडलं. त्यानं दहा मिनिटं गाडी हलवली नाही. वाफ विरली तेव्हा तो इंजिनातून खाली उतरलेला होता आणि त्याच्या हातात वाटी होती. कुणी म्हणतं वाटी नव्हती, पेला होता. असल्या बारीक तपशिलात आपण शिरायचं नाही.

बाई मूळची निपाणीची. लग्न होऊन इथं आली त्याला चाळीस वर्षं झाली. नवरा गेल्यावर तिनं डबे सुरू केले आणि डब्यांचं वाढत वाढत लग्नामुंजींचं जेवण झालं. शिक्षण सातवी. पण उकळत्या तेलाकडे बघून ते किती तापलंय हे ती सांगायची, आणि माणसाकडे बघून तो किती तापणार आहे हेही. सगळ्यांना ती अण्णा म्हणायची, सगळे तिला अक्का म्हणायचे.

अशा बाईला गुढीपाडव्याच्या दिवशी, दोनशे माणसांसमोर, माइकवरून कुणी सांगितलं की तुझी आमटी गार आहे, तर काय व्हावं?

सांगणारा होता पुरुषोत्तम. महादेवपुऱ्यातल्या एका उंचच उंच सोसायटीच्या मराठी मंडळाचा सचिव. पुण्याचा, आयटीतला, कामसू माणूस. दोष एवढाच की त्याला एखादी गोष्ट अर्धी कळली की ती पूर्ण समजावून सांगितल्याशिवाय चैन पडत नसे. पाडव्याचं जेवण क्लबहाऊसमध्ये होतं आणि नियम असा होता, की आगीचा धोका नको म्हणून केटररनं स्वतःचं इंधन आणायचं नाही. झाकणाची ती चकचकीत स्टीलची भांडी असतात ना, ज्यांच्या पोटाखाली छोटी डबी पेटवून अन्न गरम ठेवतात, त्या डब्या मंडळच देणार.

ठकुबाईनं बारा वाजता आमटी आणली तेव्हा ती रटरटत होती. मग गुढीची पूजा झाली. मग लहान मुलांचा नाच झाला, तो पुन्हा एकदा झाला कारण पहिल्या वेळी कुणाच्या तरी आजोबांचा फोन मध्ये आला होता. मग पुरुषोत्तमनं मराठी माणसाच्या उद्योजकतेवर चाळीस मिनिटं घेतली. दोन वाजता झाकणं उघडली तर आमटी कोमट. पुरणपोळी समोर आणि कटाची आमटी कोमट, म्हणजे वरात दारात आणि नवरदेव झोपलेला. लोक कुजबुजले. तेव्हा पुरुषोत्तमनं माइक उचलला आणि मंडळाच्या वतीनं क्षमा मागितली. आमटी गार आली आहे, म्हणाला. पुढच्या वेळी केटरर बदलू.

आमटी गार झाली, असं तो म्हणाला नाही. गार आली, म्हणाला.

 ठकुबाईनं भांडी आवरली आणि ती टेम्पोत बसली. पण आठ दिवसांत चार घरांतून विचारणा झाली, आणि चौघांनीही शेवटी हळूच तेच विचारलं, "अक्का, गरम असेल ना?" तीस वर्षांत हा प्रश्न तिला कुणी केला नव्हता. चौथ्यांदा फोन ठेवला तेव्हा तिनं हातातला पळा ओट्यावर असा आपटला, की समोरच्या फलाटावरची कबुतरं उडाली ती म्हणे होसूरला जाऊन बसली. एक मेचं जेवण इंदिरानगरच्या कुणाला तरी द्यायचं, हे मंडळ रविवारच्या बैठकीत ठरवणार होतं. जेवण गेलं तर गेलं. पण तोंडातून गेलेलं नाव कुठून परत आणायचं?

भांडी आवरताना एक गोष्ट मात्र तिनं केली होती. विझलेली एक डबी पिशवीत टाकली होती, कारण तळाशी पाणी होतं. दारूसारखं जळणारं इंधन जळून गेलं तर तळाशी पाणी कुठलं? आणि वास. तो गवती चहासारखा गोडसर वास तिच्या नाकाला ओळखीचा होता. कुठला ते मात्र आठवत नव्हतं.

ते सांगितलं हयवदननं. हा त्या सोसायटीच्या मागच्या गेटवरचा वॉचमन, शिमोग्याकडचा. ठकुबाई एकदा राहिलेली ताटं न्यायला गेली तेव्हा त्यानं तिला बाजूला घेतलं आणि अर्ध्या कन्नडात, अर्ध्या हिंदीत सांगितलं, की कोरोनाच्या काळात सोसायटीनं मागवलेले सॅनिटायझरचे पाच-पाच लिटरचे कॅन अजून तळघरात पडून होते. वाया कशाला घालवायचे, आहे तर अल्कोहोलच, असं म्हणून पुरुषोत्तमसाहेबांनी रिकाम्या डब्या त्यातूनच भरून घेतल्या. भरल्या हयवदननं. पण अक्का, माझं नाव घेऊ नका, म्हणाला. नोकरी जाईल.

ठकुबाईला वास तत्क्षणी आठवला. त्याच गेटवर, त्याच काळात, ती घरात अडकलेल्या आजारी माणसांसाठी रोज साठ डबे आणून ठेवायची, आणि आत पाऊल टाकायच्या आधी तिच्या अंगावर, पिशव्यांवर, चपलांवर तेच फवारायचे. भाजीवर पाणी मारतात तसं. तिनं कधी तक्रार केली नव्हती. तेच पाणी आता तिच्या आमटीखाली पेटवलं होतं, आणि गार तिला म्हटलं होतं.

"सरी, बरं," ती हयवदनला म्हणाली. "तुझं नाव माझ्या तोंडातनं येणार न्हाई. दुसरा साक्षीदार शोधते."

साक्षीदार तिच्या वरच्याच मजल्यावर राहत होता, म्हणजे राहत होती. भार्गवी बेळगावची, जवळच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची आणि संध्याकाळी ठकुबाईकडे ताक प्यायला उतरायची. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि हसली. हा तर आमच्या मुलांचा प्रयोग आहे, म्हणाली. वेगवेगळे अल्कोहोल घ्यायचे, सारख्या वजनाचे. प्रत्येकाच्या ज्योतीवर सारखं पाणी तापवायचं. पाणी किती अंश चढलं ते बघायचं. सगळे अल्कोहोल सारखी उष्णता देत नाहीत, अक्का. मिथेनॉल सर्वांत कमी, तुमच्या डब्यांतलं इथेनॉल त्याहून जास्त, आणि मोबाईल दुरुस्तीवाले पुसायला वापरतात ते आयसोप्रोपिल त्याहूनही जास्त. सॅनिटायझरात तर तिसरा हिस्सा पाणीच. जळणाऱ्यानं स्वतःचंच पाणी तापवायचं की तुमची आमटी?

मग तिनं एक अडचणही सांगितली. पुस्तकात जेवढी उष्णता लिहिलेली असते, तेवढी कधीच येत नाही. निम्मी वाऱ्यावर जाते, भांडं खातं, पत्रा खातो. मुलं मग आपला आकडा खोडून पुस्तकातलाच लिहून टाकतात. वर्षानुवर्षं तशीच रीत आहे.

"मग परीक्षा कुणाची झाली?" ठकुबाईनं विचारलं. "पोरांची का पुस्तकाची?"

भार्गवीनं आणखी एक ताक मागितलं. दुसऱ्या दिवशी कॉलेजात रीतसर सही करून तिनं दोन छोट्या बाटल्या आणल्या, आणि आपला थर्मामीटर.

रविवारी चार वाजता बैठक होती. साडेतीनला ठकुबाईचा टेम्पो गेटवर उभा राहिला. आतून भार्गवी उतरली, मग उतरली चार सारखी पातेली, इथेनॉलचा कॅन, तेलाच्या डब्याचा कापलेला पत्रा, एक तिवई, चार सारख्या स्टीलच्या वाट्या आणि झाकण बांधलेला मोठा डबा, ज्यात काय आहे ते तिनं कुणाला सांगितलं नाही. हयवदननं तिच्याकडे न बघता नोंदवहीत नाव लिहिलं. तिनंही त्याच्याकडे पाहिलं नाही.

मंडळाची तीसेक माणसं जमली होती. पुरुषोत्तम सौजन्यानं उठला आणि म्हणाला, अक्का, विषय आता क्लोज झालाय, आम्हाला पर्सनली तुमच्याबद्दल आदरच आहे. ठकुबाई म्हणाली, आदर ठेवा बाजूला, तराजू आणा. तुमच्या घरी आहे ना, पोह्याचे दाणेसुद्धा मोजून खाता तो? त्याच्या डाएटची गोष्ट साऱ्या टॉवरला ठाऊक होती. लोक हसले, आणि हसलेल्या लोकांना पुढचं बघायचं असतं. तेव्हा पुरुषोत्तमला तराजू आणावाच लागला.

"डब्यांत अल्कोहोलच होतं ना, अण्णा?" तिनं विचारलं.

"अर्थात. आणि लॉजिकली बघा, अल्कोहोल म्हणजे अल्कोहोल. जळतं ते जळतं. म्हणजे प्रॉब्लेम आमटीतच असणार."

"बास. एवढंच ऐकायचं होतं. चला भाईर."

आत बाहेरचं इंधन पेटवायला बंदी, म्हणून सगळे बॅडमिंटन कोर्टामागच्या मोकळ्या जागेत आले. ठकुबाईनं वाऱ्याला तिन्ही बाजूंनी पत्रा लावला आणि मग स्वतः चार पावलं मागं जाऊन प्लास्टिकच्या खुर्चीत बसली, हात मांडीवर. मी कशालाच हात लावणार न्हाई, म्हणाली. तराजू तुमचा, पाणी तुमचं, काडी तुमची. नंतर कुणी म्हणायला नको, म्हातारीनं चलाखी केली.

तेव्हा मंडळाच्या सचिवानं, भार्गवी सांगेल तसं, स्वतःच्या हातानं प्रत्येक पातेल्यात लिटरभर पाणी मोजलं. नळाचं पाणी सव्वीस अंश. मग पहिल्या वाटीत दहा ग्रॅम मिथेनॉल. भार्गवीनं लोकांना वाफेपासून लांब उभं केलं. पुरुषोत्तमनं काडी लावली, पाहिलं, आणि म्हणाला की पेटलंच नाही. मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसत नाही. भार्गवी थांबा म्हणेपर्यंत त्यानं खात्री करायला हात वर धरला होता. मनगटावरचे केस गेले. आता मंडळात असं सांगतात की त्याची उजवी भुवईसुद्धा गेली आणि पेन्सिलीनं काढून तो महिनाभर ऑफिसला गेला. पण मी केसांपुरतंच सांगतो, कारण खोटं बोलणं मला जमत नाही.

वाटी कोरडी झाली. पाणी सत्तेचाळीस अंश.

दुसरं इथेनॉल, ठकुबाईच्या स्वतःच्या कॅनमधलं, तीस वर्षं ती वापरते ते. निळी, शांत ज्योत. लोक आता खुर्च्या घेऊन आले होते. मुग्धा नावाच्या एका बाईनं, जिनं पाडव्याला सर्वांत आधी वाटी परत ठेवली होती, वहीत आकडे लिहायला घेतले. चोपन्न अंश. ठकुबाईनं मान हलवली. आपल्या पोराचा निकाल लागल्यासारखी.

तिसरं आयसोप्रोपिल. ते पिवळं, उंच जळलं, आणि पाणी छप्पन्नवर गेलं.

पुरुषोत्तमचा चेहरा खुलला. म्हणजे अक्का, म्हणाला, तुमचं इंधन बेस्ट नाहीच. दुसरं त्याहून गरम आहे. ही गोष्ट सर्वांनी नोट करावी.

"हाय की," ठकुबाई बसल्या जागेवरून म्हणाली. "दोन अंश जास्त हाय. खोटं कशाला बोलू? आता पातेलं उलटं करा."

पातेल्याचा तळ काजळीनं कोळशासारखा झाला होता. पुरुषोत्तमची बोटंही. माझ्या भांड्याखाली हे चालत न्हाई, म्हणाली. पण गरम हाय म्हणजे हाय. लिव मुग्धा.

इथं पुरुषोत्तमला नवं सुचलं. मोबाईलवर त्यानं काहीतरी शोधलं, आकडेमोड केली, आणि त्याचा आवाज पाडव्याच्या भाषणासारखा झाला. ॲक्च्युअली हा सगळा प्रयोगच चूक आहे, म्हणाला. दहा ग्रॅम इथेनॉलनं लिटरभर पाणी एकाहत्तर अंश चढायला पाहिजे. म्हणजे सत्त्याण्णव. इथं चोपन्न आलंय. निम्मंसुद्धा नाही. जो प्रयोग पुस्तकाशी जुळत नाही त्यावरून निष्कर्ष कसा काढणार?

 दोघेतिघे मान डोलवायला लागले, कारण मोबाईलवर लिहिलेलं होतं. भार्गवी काही बोलणार होती, पण ठकुबाईनं तिला हातानं थांबवलं आणि आज पहिल्यांदाच खुर्चीतून उठली.

"पुस्तकवाल्यांनी बंद खोलीत मोजलं असंल, अण्णा. मी उघड्यावर मोजलं. पातेल्यानं खाल्लं, पत्र्यानं खाल्लं, वाऱ्यानं खाल्लं. पण तिघांकडनं सारखंच खाल्लं. माझ्याकडनं जास्त आन् दुसऱ्याकडनं कमी असं वारा करत न्हाई, तो काय मंडळाचा सचिव हाय? आकडा कमी आलाय तर कमीच लिवा. मी पुस्तकातला लिवणार न्हाई. कोण म्होरं आन् कोण मागं, तेवढं बघा."

भार्गवीनं नंतर सांगितलं की तिची दहा वर्षांची शिकवणी तिनं त्या मिनिटात पुन्हा ऐकली. मोबाईल खिशात गेला.

चौथी वाटी रिकामी होती. ठकुबाई म्हणाली, आता तुमची डबी. पाडव्याच्या उरल्यात ना, त्यातली न फोडलेली, तुम्हीच आणा. पुरुषोत्तम स्टोअररूममधून घेऊन आला, झाकण काढलं, आणि गोडसर गवती वास पत्र्यावरून सगळ्यांच्या नाकात शिरला.

मुग्धा वहीतून वर बघत म्हणाली, "अय्या, हा तर लिफ्टमधला वास. लॉकडाऊनमधला."

तीस नाकं एकाच वेळी हुंगायला लागली. पाडव्याला अळूवडीला हॉस्पिटलचा वास का येत होता, हे एका काकांना तिथल्या तिथं उमगलं आणि त्यांनी ते मोठ्यानं सांगितलं. पुरुषोत्तम लाल झाला. पण हार मानणाऱ्यांतला तो नव्हता, हे त्याच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. हो, म्हणाला, सॅनिटायझर होतं, निर्णय माझा होता, वाया घालवायचं नाही म्हणून. त्यात लपवण्यासारखं काय आहे? शेवटी तेही अल्कोहोलच.

"तेच बघायला आलोय," ठकुबाई म्हणाली. "लावा काडी."

डबी कुणी भरली, हे तिनं विचारलं नाही. गेटकडे पाहिलंही नाही.

दहा ग्रॅम. ज्योत धडपणे पेटली, सुरुवातीला तर जोरातच होती, आणि पुरुषोत्तमनं सगळ्यांकडे एकदा पाहूनही घेतलं. मग ती बसत गेली. फडफडली. विझली. वाटीच्या तळाशी चमचाभर पाणी तसंच होतं, बुळबुळीत. त्यानं स्वतः थर्मामीटर पातेल्यात बुडवला, ढवळला, काढला, पुन्हा बुडवला. वाकून वाचला. मग मुग्धाला दाखवला, कारण त्याला तो आकडा तोंडानं म्हणवेना.

बेचाळीस.

मुग्धानं मोठ्यानं वाचलं. सत्तेचाळीस, चोपन्न, छप्पन्न, बेचाळीस.

एवढ्या डोळ्यांसमोर, आपल्याच तराजूनं, आपल्याच हातानं माणूस हरला की त्याच्याजवळ भांडायला कुणी उरत नाही.  पुरुषोत्तम खरोखरच नरमाईनं म्हणाला की अक्का, चूक झाली; मी आजच ग्रुपवर मेसेज टाकतो की पाडव्याला इंधनात टेक्निकल इश्यू होता.

"न्हाई," ठकुबाई म्हणाली. "माइक कुठाय?"

त्यानं ऐकलं नसल्यासारखं केलं. पण मंडळाच्या माणसांनी ऐकलं होतं. कुणीतरी आत जाऊन तो चाकांचा स्पीकर ढकलत आणला, आणि बॅडमिंटन कोर्टामागं, काजळीच्या हातात माइक धरून, पुरुषोत्तमला बोलावं लागलं. बाल्कन्यांत माणसं आली. त्यानं सुरुवात मंडळाच्या परंपरेपासून केली, तेव्हा ठकुबाई खाकरली. मग तो थेट बोलला. पाडव्याला आमटी गार आली नव्हती. ती गरम आली होती. मी चुकीच्या इंधनानं ती गार केली, आणि दोष अक्कांना दिला. ते खोटं होतं.

सातव्या मजल्यावरून कुणीतरी टाळी वाजवली. बाकीच्यांना काय करावं कळेना, म्हणून त्यांनीही वाजवली.

ठकुबाईनं झाकण बांधलेला डबा उघडला. आत तिची स्वतःची डबी पेटवून त्यावर ठेवलेला छोटा हंडा नव्हता, तसं सांगणारे उगाच वाढवून सांगतात. कांबळ्यात गुंडाळलेला हंडा होता आणि तो तिनं आता पत्र्याच्या आडोशाला, इथेनॉलच्या निळ्या ज्योतीवर ठेवला. आमटी उकळीला आली तेव्हा पहिली वाटी पुरुषोत्तमला. सगळे बघत होते. त्यानं फुंकर न मारता भुरका घेतला, कारण माणसाला आपण किती खरे आहोत हे दाखवायची घाई असते.

डोळ्यांत पाणी आलं. तोंड उघडं राहिलं.

"सांगा अण्णा," ती शांतपणे म्हणाली. "गार हाय?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली. जीभ भाजल्यामुळे तो आठवडाभर भाषण करू शकला नाही, आणि सोसायटीच्या तीन बैठका त्या आठवड्यात वीस मिनिटांत आटोपल्या. हे मात्र अगदी खरं आहे, कार्यवृत्तात आहे.

दुसरी वाटी तिनं स्वतः मागच्या गेटवर नेली. हयवदननं ती उभ्यानंच संपवली. 

जाताना सामान टेम्पोत चढलं तेव्हा पुरुषोत्तम मागं आला. जीभ जड झाली होती, तरी त्यानं विचारलं की एक मेला याल ना. ठकुबाईनं त्याच्याकडे जरा वेळ बघितलं, तेलाकडे बघते तशी.

येईन, म्हणाली. डब्या माझ्या असतील. भाषण जेवणानंतर.

मग आयसोप्रोपिलवालं काळं पातेलं टेम्पोतून खाली घेतलं आणि त्याच्या हातात दिलं.

"हे घासून ठेवा. तुमच्या हातानं काळं झालंय. एक तारखेला लागंल."